आधी माणसं मोजा, मग योजना

रेशन दुकानाच्या पायरीवर एक बाई चौथ्यांदा अंगठा पुसते. आधी पदराला, मग ओल्या फडक्याला, शेवटी कपाळावर घासून. पॉस मशीनच्या काचेवर ठेवते आणि मशीन पुन्हा नकार देतं. ‘काजूनं खाल्लाय अंगठा, आता काय उमटतंय त्यात,’ असं म्हणून ती हसते. मागची रांग हसत नाही, कारण तीही काम बुडवून आलेली असते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या नेसरी, आजरा, चंदगड या पट्ट्यात काजूचे कारखाने जागोजागी आहेत. टरफलातला तेलकट चीक कातडी जाळतो. हातमोजे, राख, तेल काहीही वापरलं तरी दोन-चार हंगामांत बोटांच्या टोकावरच्या रेषा पुसट होतात. ज्या कामानं घर चालतं त्याच कामानं घरात येणारं धान्य अडतं, हे काही कोणत्या शासन निर्णयात लिहिलेलं नसतं.

त्या बाईंना आणि तुम्हालाही पहिली गोष्ट सांगतो. अंगठा जुळला नाही किंवा आधार नाही एवढ्या कारणावरून पात्र माणसाचं धान्य नाकारू नये, असं केंद्र सरकारनं राज्यांना 2017 च्या ऑक्टोबरमध्येच लेखी कळवलं आहे. घरातल्या दुसऱ्या कुणाचाही थम चालतो. जिथं मशीनला बुबुळ टिपायची सोय आहे तिथं डोळा दाखवता येतो, मोबाइल नंबर जोडलेला असेल तर ओटीपीवरही काम होतं. दुकानदार ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणाला तर त्याला वहीत तारीख टाकून लिहायला सांगा. नुसतं लिहायला सांगितलं तरी बऱ्याचदा मशीन चालू लागतं, हा माझा अनुभव आहे.

गेली काही वर्षं मी शेजाऱ्यापाजाऱ्यांचे अर्ज भरून देतो. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. सरकारी योजनेनं कुणी श्रीमंत होत नाही, पण घर खाली कोसळायचं थांबतं. आणि ते थांबतं की नाही, हे योजनेची रक्कम किती यापेक्षा तुमचं नाव तीन-चार ठिकाणी सारखं लिहिलंय का यावर जास्त अवलंबून असतं. म्हणून योजनांची यादी भिंतीला चिकटवून उपयोग नाही. माणसांची यादी करा. एका कागदावर घरातलं प्रत्येक माणूस आणि त्याचं वय लिहा. कोण विधवा, कोण दिव्यांग, कोण शाळेत, कोण गवंड्याच्या हाताखाली जातं, कुणाच्या नावावर सातबारा, हे त्यापुढे मांडा. योजना माणसाला लागू होते, घराला क्वचित.

एक साधं घर धरू. आजी 68 वर्षांची, मुलगा, सून, शाळेत जाणारी दोन नातवंडं आणि अर्धा एकर जमीन. प्राधान्य कुटुंबाचं रेशनकार्ड असेल तर माणशी 5 किलोप्रमाणे महिन्याला 25 किलो धान्य फुकट. बाजारात किलोला 30-35 रुपये धरले तर ते साडेसातशे ते पावणेनऊशे रुपयांचं झालं. आजीला श्रावणबाळ योजनेचे 1,500. सुनेला लाडकी बहीण योजनेचे 1,500. मुलाच्या नावावर पीएम किसानचे वर्षाला 6,000 आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे 6,000, म्हणजे महिन्याला 1,000. बेरीज पावणेपाच हजारांच्या घरात जाते, वर्षाची सत्तावन्न हजारांच्या आसपास.

आता गंमत बघा. हेच कुटुंब प्राधान्य यादीत बसायचं तर गावात त्याचं वार्षिक उत्पन्न 44,000 च्या आत हवं. आणि आजीला श्रावणबाळ मिळायचं तर कुटुंबाचं उत्पन्न 21,000 च्या आत. एकवीस हजार भागिले तीनशे पासष्ट म्हणजे दिवसाला 58 रुपये सुद्धा होत नाहीत, तेही अख्ख्या घराचे! भांगलणीला जाणाऱ्या बाईची एका दिवसाची हजेरी यापेक्षा कितीतरी जास्त आहे. अनुदान 600 वरून 1,000 झालं, 2023 मध्ये 1,500 झालं, दिव्यांगांना 2025 मध्ये 2,500 झालं. ही मर्यादा मात्र वर्षानुवर्षं हलली नाही, फक्त दिव्यांगांसाठी ती 50,000 आहे.

याचा परिणाम काय होतो तो गावोगाव दिसतो. एका चुलीवर जेवणारी घरं कागदावर वेगळी होतात. म्हातारीचं रेशनकार्ड स्वतंत्र निघतं, मुलगा ‘वेगळा राहतो’ असं लिहून दिलं जातं. मी त्यात कुणाला दोष देत नाही. मर्यादाच अशी आहे की खरं बोलणारा बाहेर पडतो आणि ज्याला लिहून देणारा ओळखीचा भेटतो तो आत जातो. तलाठ्यालाही हे ठाऊक असतं (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण नेसरीत अजून तलाठीच). पण एक धोका लक्षात ठेवा. कार्ड वेगळं काढताना आजीचं नाव जुन्या कार्डावरून कमी झालं आणि नव्या कार्डाला धान्याचा शिक्का मिळालाच नाही, तर 1,500 च्या आशेनं 5 किलो धान्यही जातं. तसं झालेली घरं मी पाहिली आहेत. तहसीलच्या पुरवठा शाखेत आधी विचारा, ‘नव्या कार्डाला इष्टांकात जागा आहे का?’ इष्टांक म्हणजे तालुक्याला ठरवून दिलेली लाभार्थ्यांची संख्या. महाराष्ट्रासाठी ती एकूण 7 कोटी आहे आणि ती 2011 च्या जनगणनेवर बेतलेली आहे. त्यानंतर जन्मलेली पोरं, आलेल्या सुना यांची नावं जुनी नावं कमी होतील तशी बसतात. म्हणून बाळ जन्मलं की नाव लावायचा अर्ज लगेच करा आणि पोच जपून ठेवा. एका नावाचं धान्य वर्षाला 60 किलो होतं.

ही सगळी भीक आहे, असं म्हणणारी मंडळी कट्ट्यावर असतातच. त्यांना विसापूरची आठवण करून द्यावी. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातलं हे गाव वि. स. पागे यांचं. काम मागेल त्याला काम, ही त्यांची कल्पना साठच्या दशकात तिथं लहान प्रमाणात आजमावली गेली. पुढं 1972 चा दुष्काळ पडला. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ 50 लाख माणसं राबत होती. खडी फोडून हात सोलले, पण पिकं बुडूनही माणसं भुकेनं मेली नाहीत. त्यातून 1977 चा रोजगार हमी कायदा आला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. रोजगार हमीचा खर्च भागवण्यासाठी त्याआधीच शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर लागला. आज मुंबईत नोकरीला असलेल्या नेसरीकराच्या पगारातून महिन्याला 200 रुपये कापले जातात ते या कराचे. गावाकडच्या चुलत्यानं काम मागितलं तर तो काही उपकार मागत नाही.

तेव्हा काम मागायचं तर तोंडी मागू नका. दिल्लीत रोजगाराच्या कायद्याची नावं आणि दिवस बदलत राहतात. गावात एकच गोष्ट कामाला येते, ती म्हणजे ग्रामपंचायतीत दिलेला लेखी अर्ज आणि त्याची तारखेसह पोच. ‘कामं नाहीत’ हे उत्तर तोंडी असतं, कारण लेखी दिलं की जबाबदारी येते.

योजनांनी खरंच गरिबी हटते का? आकडे दोन्ही बाजूंनी बोलतात. नीती आयोगाच्या मोजणीत महाराष्ट्रात अनेक अंगांनी गरीब असलेल्या माणसांचं प्रमाण 2015-16 मध्ये 14.80 टक्के होतं, ते 2019-21 मध्ये 7.81 टक्क्यांवर आलं. ही मोजणी नुसत्या पैशाची नाही. आहार, शाळा, संडास, स्वयंपाकाचा गॅस, वीज, बँक खातं असं सगळं त्यात धरलेलं असतं. म्हणजे घरात वस्तू आणि सोयी आल्या. पण त्याच काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या रक्त कमी असलेल्या बायकांचं प्रमाण 48 टक्क्यांवरून 54.2 टक्क्यांवर गेलं. पाच वर्षांखालची शंभरातली पस्तीस पोरं वयाच्या मानानं बुटकी निघाली. गॅस आला, खातं उघडलं, पोटात तांदूळ-गहू गेला. डाळ, अंडं, भाजी मात्र गेली नाही.

म्हणून माझा एक आग्रह असतो. फुकटच्या 25 किलो धान्यानं जे सातआठशे रुपये वाचतात, ते घरात कुठं गेले ते एकदा बघा. धान्य फुकट आलं म्हणजे डाळीचे पैसे सुटले असं धरून चाला. आमच्याकडं नाचणी पिकते, भुईमूग पिकतो. तो विकून बिस्किटाचे पुडे आणायची रीत कुठून आली कोण जाणे! अंगणवाडीतून गरोदर बाईला मिळणारा आहार आणि गोळ्या तिनंच खायच्या असतात, सगळ्या घरानं वाटून घ्यायच्या नसतात. हे सासूबाईंना सांगायला थोडं धैर्य लागतं.

आता कागदांकडे. इथंच बहुतेकांचं अडतं आणि इथंच तुम्ही स्वतः काही करू शकता.

नेसरी कर्नाटकच्या सीमेजवळ. इथल्या कितीतरी सुना बेळगाव, हुक्केरी, खानापूर भागातून आलेल्या. माहेरच्या आधारवर ‘शांतव्वा’, सासरच्या रेशनकार्डावर ‘शांताबाई’, बँकेत वडिलांचं नाव, मतदार यादीत नवऱ्याचं. माणूस एकच, पण यंत्राला त्या चार बायका दिसतात. पहिलं काम म्हणजे आधारवरचं नाव जसं हवं तसं एकदाच नीट करून घ्या आणि मग बाकीचे कागद त्याबरहुकूम बदला. उलट क्रमानं केलंत तर दोनदा हेलपाटे पडतात. लग्नानंतर माहेरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय सासरच्या कार्डावर नाव चढत नाही, आणि कर्नाटकातलं कार्ड असेल तर तो दाखला आणायला भावाला तिकडच्या कचेरीत पाठवावं लागतं. लग्न ठरतानाच हे सांगून ठेवा, मानपानाच्या यादीत एक ओळ वाढेल एवढंच. लाडक्या बहिणीसाठी परराज्यात जन्मलेल्या सुनेला नवऱ्याचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा अधिवास प्रमाणपत्र चालत होतं. अनेक जणींनी हे माहीत नसल्यानं अर्जच केला नव्हता.

दुसरी अडचण खात्याची. आमच्या घरातलीच गोष्ट सांगतो. माझ्या चुलतीचं अनुदान अचानक बंद झालं. तिनं धरून चाललं की नाव कापलं. सात महिने ती ज्याला त्याला विचारत राहिली. तहसीलमध्ये गेलो तर तिथं ‘पैसे जमा’ असं दिसत होतं. मग उलगडा झाला. बचत गटाच्या कर्जासाठी तिनं दुसऱ्या एका बँकेत खातं उघडलं होतं. तिथं पुढ्यात आलेल्या सगळ्या कागदांवर सह्या केल्या, त्यात आधार जोडायची संमतीही होती. सरकारचे पैसे ज्या खात्याला आधार सर्वांत शेवटी जोडला त्या खात्यात जातात. सात महिन्यांची सगळी रक्कम त्या दुसऱ्या खात्यात पडून होती, आणि त्यातून कर्जाचे दोन हप्ते वळतेही झाले होते.

बँकेत ‘आधार लिंक आहे’ असं सांगतात, ते वेगळं. थेट लाभासाठी खातं आधारशी ‘सीड’ झालेलं असावं लागतं, आणि एका वेळी एकच खातं सीड असतं. आधारच्या संकेतस्थळावर ओटीपी टाकून तुमचं कोणतं खातं सीड आहे ते फुकट दिसतं. दहावीतल्या नातवाला पाच मिनिटं लागतील. त्या बँकेचं नाव रेशनकार्डाच्या मागं पेन्सिलीनं लिहून ठेवा. पैसे थांबले तर तहसीलला जाण्याआधी तिथलं पासबुक भरून घ्या.

2025 मध्ये लाडक्या बहिणीसाठी ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधारही लागू लागला. ज्यांचे दोघेही गेले त्या बायकांची मोठी पंचाईत झाली. मृत्यूचा दाखला जवळ असलेल्या बायका निदान अर्ज करू शकल्या, ज्यांच्याकडं तोही नव्हता त्यांना आधी तो काढावा लागला.

यावरून मी सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येतो. गरीब घर हळूहळू खाली जात नाही. ते एका दिवसात जातं. कर्ता माणूस जातो, किंवा दवाखान्याचं बिल येतं.

नेसरीला लोक येतात ते प्रतापराव गुजरांच्या स्मारकाला. 24 फेब्रुवारी 1674 ला इथल्या खिंडीत सात जण पडले, हे शाळेतल्या पोराला विचारलं तरी सांगेल. त्यानंतरची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. प्रतापरावांची मुलगी जानकीबाई हिला शिवाजी महाराजांनी राजारामांशी लग्न लावून सून करून घेतलं. कर्ता पडला की मागच्या घराकडं राज्यानं बघायचं, ही समज या भागात आजची नाही.

आज ते बघणं अर्जावर चालतं, आणि दुःखात अर्ज सुचत नाहीत. म्हणून हे काम भावकीतल्या एखाद्या शहाण्या माणसानं अंगावर घ्यावं. मृत्यूची नोंद 21 दिवसांत केली तर दंड नाही, धावपळ नाही. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. दाखल्याच्या एकदोन नाही, आठ-दहा प्रती घ्या. त्यावरचं नाव आधारप्रमाणेच आहे ना, ते खिडकीतून हलायच्या आधी वाचा.

मग मयताचं पासबुक काढा आणि मे महिन्याचं पान बघा. तिथं 436 रुपये कापलेले दिसले तर जीवनज्योती विमा आहे, म्हणजे कोणत्याही कारणानं मृत्यू आला तरी 2 लाख. 20 रुपये कापलेले दिसले तर सुरक्षा विमा, म्हणजे अपघाती मृत्यूला 2 लाख. बँक स्वतःहून फोन करत नाही. वारसानं जाऊन मागावं लागतं आणि लवकर मागावं लागतं. कितीतरी घरांत हे पैसे केवळ पासबुक उघडलं नाही म्हणून राहिलेत.

सातबाऱ्यावर नाव असेल आणि मृत्यू अपघाती असेल, म्हणजे साप चावला, विजेचा धक्का बसला, झाडावरून पडला, पाण्यात बुडाला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेतून 2 लाख मिळतात. खातेदाराच्या घरातल्या आणखी एका माणसालाही ते लागू आहे. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडं 30 दिवसांत करायचा. दिवस-कार्य उरकेपर्यंत निम्मी मुदत गेलेली असते. आणि साप चावला तर शवविच्छेदन नको, असं म्हणू नका. ‘कशाला फाडायचं’ म्हणून नकार दिलेल्या घराला पुढं साप चावला हे सिद्ध करणं जड जातं.

गवंडी, सेंट्रिंगवाला, फरशीवाला गेला असेल तर बांधकाम कामगार मंडळाचं ओळखपत्र शोधा. नोंदणी जिवंत असेल तर नैसर्गिक मृत्यूला 2 लाख, कामावर अपघात झाला तर 5 लाख, आणि पत्नीला पाच वर्षं वर्षाला 24,000. नोंदणीला वर्षातून 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि ती वेळोवेळी नवी करून घ्यावी लागते. लोक भांड्यांच्या संचासाठी नोंदणी करतात आणि भांडी मिळाली की विसरतात. खरी किंमत त्या भांड्यांत नाही.

याखेरीज दारिद्र्यरेषेखालच्या घराला कर्त्याच्या मृत्यूनंतर राष्ट्रीय कुटुंब अर्थसाहाय्याचे एकरकमी 20,000 मिळतात, आणि विधवेला संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला 1,500. सर्वांत कमी माहीत असलेली गोष्ट पोरांची. वडील किंवा आई गेलेल्या मुलाला बालसंगोपन योजनेतून महिन्याला 2,250 रुपये मिळू शकतात, वयाच्या अठरा वर्षांपर्यंत. हा अर्ज तहसीलला नाही, जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडं, कोल्हापूरला. दोन पोरांचे साडेचार हजार म्हणजे आईच्या स्वतःच्या अनुदानाच्या तिप्पट! तरी मी विचारलेल्या दहांतल्या नऊ घरांना याचं नावही ठाऊक नव्हतं.

दवाखान्याचं थोडक्यात. महात्मा फुले जनआरोग्य योजना आता सगळ्या रेशनकार्डांना, पांढऱ्यालासुद्धा, लागू आहे आणि वर्षाला कुटुंबामागं 5 लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार त्यात बसतात. पैसे भरल्यानंतर नव्हे, भरती होतानाच आरोग्यमित्राचं टेबल विचारा. प्रत्येक अंगीकृत रुग्णालयात तो असतो. आधी अनामत भरली की ती परत मिळवणं म्हणजे दुसरं दुखणं. नेसरीहून पेशंट पटकन बेळगावला नेतात, कारण ते जवळ. तिकडचं रुग्णालय महाराष्ट्राच्या योजनेत आहे की नाही, हे गाडी सुटायच्या आधी फोनवर विचारा. नसेल आणि जिवाची घाई नसेल तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाचा रस्ता लांबचा असला तरी स्वस्तातला आहे. दवाखान्यासारखंच लेकीच्या फीचंही आधी विचारून ठेवा. 2024-25 पासून व्यावसायिक शिक्षणाला केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून गेलेल्या मागास आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींची शिक्षण व परीक्षा फी माफ आहे, पालकांचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर.

एक कडू गोष्ट बोलायला हवी. 1,500 रुपये येणार म्हणून त्यावर मायक्रोफायनान्सचा हप्ता बसवू नका. अनुदान कधी दोन महिन्यांनी येतं, कधी सणाच्या तोंडावर एकदम, कधी छाननीत अडकतं. हप्ता मात्र दर आठवड्याला दारात उभा असतो. ज्या घरात मी योजनेमुळं परिस्थिती खालावलेली पाहिली, तिथं कारण हेच होतं. येणाऱ्या पैशावर कर्ज काढलं गेलं. न येणाऱ्या पैशाला व्याज लागतं. शेळी घ्यायची असेल तर चार महिने साठवून घ्या, एक करडू कमी मिळेल.

अर्जासाठी एजंट लागतो का? लागत नाही, पण तो का भेटतो ते मला कळतं. गडहिंग्लजला जायचं म्हणजे हजेरी बुडते. बायकांना एसटीचं तिकीट निम्मं झालं आणि पंचाहत्तरीच्या वरच्यांना फुकट, याचा खरा फायदा मला इथंच दिसतो. तहसीलचा हेलपाटा स्वस्त झाला. सेतूत, महा-ई-सेवा केंद्रात फीचा फलक असतो, तेवढेच द्या आणि पावती घ्या. दाखल्यांसाठी लागणाऱ्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, साधा कागद चालतो. बाहेर बसलेला माणूस ‘पाचशेचा स्टॅम्प लागतो’ म्हणाला तर त्याला आत जाऊन विचारू म्हणा. लोकसेवा हक्क कायद्यामुळं 2015 पासून प्रत्येक सेवेला दिवस ठरलेले आहेत, उत्पन्नाच्या दाखल्याला 15. मुदत उलटली की त्याच कचेरीतल्या वरच्या अधिकाऱ्याकडं अपील करता येतं. अर्ज का अडला तेच कळत नसेल तर माहितीच्या अधिकारात विचारा. दहा रुपयांत आणि तीस दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही दहा रुपये माफ.

हयातीचा दाखला हा शब्द मला कधीच आवडला नाही. आपण जिवंत आहोत हे दरवर्षी कुणाला तरी पटवून द्यायचं! पण तो चुकला की पैसे थांबतात, आणि थांबलेले मागचे महिने मिळवताना दमछाक होते. म्हाताऱ्या माणसाच्या दाखल्याची आठवण नातवाच्या मोबाइलमध्ये लावून ठेवा.

घराघरात खुंटीला एक प्लॅस्टिकची पिशवी टांगलेली असते. तिच्यात रेशनकार्ड, पिवळे पडलेले झेरॉक्स, जुनी लाइट बिलं, लग्नपत्रिका सगळं एकत्र. आज रात्री जेवणं झाली की ती खाली काढा. माणसांची यादी करा, प्रत्येकाचं नाव चारही कागदांवर ताडून बघा, आणि सगळ्यांची पासबुकं मे महिन्याच्या पानावर उघडा. 20 आणि 436, हे दोन आकडे शोधायचे आहेत. नसतील तर उद्या बँकेत जाऊन ज्याच्या वयाला जो विमा लागू आहे त्याचा अर्ज भरून या.